पोवई नाका ते तिसरी फेरी: साताऱ्याच्या सहा जणांचा सायकल रेसिंगचा पहिला हंगाम

जून 2024 पासून फेब्रुवारी 2025 पर्यंत आम्ही सहा जणांनी साताऱ्यात एक सायकल टीम चालवली. या काळात दोन रोड रेस, एक एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे डोंगर-माळावर चालवायची सायकल) रेस आणि जिल्ह्याची एक निवड चाचणी झाली. कुणाला बक्षीस मिळालं नाही. पण जून 2024 मध्ये मी मोबाईलवर 'पहिल्यांदा रेसला जाताना काय लागतं' असं शोधत होते, तेव्हा मराठीत हाती काही लागलं नव्हतं. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वय 37. टीममध्ये माझ्याखेरीज बँकेत नोकरी करणाऱ्या एक वहिनी, हायस्कूलचे एक सर, मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेले अप्पा, दूध संकलन केंद्रावरचा एक भाऊ आणि बारावीतला धाकटा. अप्पा 52 वर्षांचे. तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला ते खंडाळ्याच्या घाटात जाऊन उभे राहायचे. 'घाटाचा राजा' कोण होतो हे बघायला लोक झाडांवर चढलेले असायचे, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की तो घाट आम्हीही पाहिल्यासारखा वाटतो. टीम काढायची कल्पना त्यांचीच.

आम्ही सगळे आधीपासून सायकल चालवत होतो. रविवारी पहाटे पोवई नाक्यावर जमायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, जमलं तर कासपर्यंत जायचं, चहा पिऊन परत. मला वाटायचं, घाट चढता येतो म्हणजे रेस जमेल. हा गैरसमज जुलैमध्येच गेला. घाटात प्रत्येक जण आपापल्या दमाने चढतो, शेजारी कुणी असलं-नसलं तरी फारसा फरक पडत नाही. रोड रेस मात्र घोळक्यात होते. पुढच्याच्या चाकाच्या आडोशाला राहिलं की जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतके कष्ट वाचतात आणि आडोसा सुटला की तितकेच अंगावर येतात. म्हणजे पाय कितीही तयार असले तरी पुढच्या चाकापासून एक-दीड फुटावर, ब्रेकला हात न लावता, तासभर राहता आलं पाहिजे. मला ते येत नव्हतं. समोरचं चाक जवळ आलं की बोटं आपोआप ब्रेकवर जायची आणि माझ्या मागचे सगळे ओरडायचे.

ते शिकले चाळकेवाडीच्या पठारावर. ठोसेघरच्या पुढे पवनचक्क्या आहेत, म्हणजे वाऱ्याची कमतरता नाही. पावसाळ्यात तिथे वारं बाजूने असं येतं की सायकल रस्त्याच्या कडेला ढकलली जाते. अप्पांनी आम्हाला तिथे तिरकी रांग धरायला शिकवलं. वारं डावीकडून असेल तर आडोसा पुढच्याच्या थेट मागे नसतो, थोडा उजवीकडे सरकलेला असतो. "बाई, वारं डावीकडनं यायलंय, माझ्या उजव्या अंगाला या. चाकाकडं बघू नका, माझ्या खांद्याकडं बघा." या एका वाक्याने माझी ब्रेकची सवय मोडली. नजर चाकावर ठेवली की दचकायला होतं. खांद्यावर, किंवा त्याच्याही पलीकडे ठेवली की पुढे काय होणार ते आधी कळतं. जुलै-ऑगस्टचे सहा रविवार आम्ही नुसतं हेच केलं. सप्टेंबरात कासच्या बाजूला फुलांची गर्दी असते, त्यामुळे तेव्हाही सज्जनगड-ठोसेघरचाच रस्ता धरला. पावसातल्या सरावाला मागचा लाल दिवा आणि घरी आल्यावर चेन पुसून तेल, एवढं तरी हवंच. मी पहिले दोन आठवडे चेन पुसली नाही आणि ती गंजली. नवी 1,400 रुपयांना पडली.

आता कागदपत्रं. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

खासगी आयोजकांच्या खुल्या रेसना लायसन्स लागत नाही, नाव-पैसे भरले की झालं. पण जिल्हा, राज्य अशा निवडीच्या वाटेवर जायचं असेल तर सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाचं लायसन्स लागतं. अर्ज ऑनलाइन असतो. आम्हाला आधार, जन्मदाखला, फोटो आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र जोडावं लागलं. अर्जाला राज्य संघटनेची संमती मिळाली की पुढे सरकतो. धाकटा अठराच्या आतला, त्याच्यासाठी वडिलांचं संमतिपत्रही जोडलं. वयोगट ठरवताना त्या कॅलेंडर वर्षात तुम्ही किती वर्षांचे होणार ते धरतात, रेसच्या दिवशी किती आहात ते नाही. सरांनी यात गल्लत केली आणि एकदा चुकीच्या गटात नाव भरलं.

मी 3 सप्टेंबरला अर्ज केला. 19 सप्टेंबरला तो परत आला, कारण नाव जुळत नव्हतं. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्न झालेल्या प्रत्येक बाईने हे आधी तपासून घ्यावं. माझ्याकडे विवाह नोंदणीचा दाखला होता, पण त्यावर माझं नाव एका अक्षराने चुकलेलं. तो दुरुस्त करून घ्यायला तीन खेपा झाल्या. शाळा सुटल्यावर पोहोचेपर्यंत खिडकी बंद व्हायची, म्हणून एक किरकोळ रजा गेली. शेवटी दुरुस्त दाखला आणि 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडून 7 ऑक्टोबरला पुन्हा अर्ज केला. मग वाट बघणं. दसरा गेला, दिवाळी गेली. दर सोमवारी मधल्या सुट्टीत मी पोर्टल उघडून बघायचे आणि तेच 'प्रलंबित' दिसायचं. त्या दिवसांत खूप वेळा वाटलं की ही सगळी धडपड आपल्यासारख्यांसाठी नाहीच. वहिनींचं लग्न झालेलं असूनही त्यांनी नाव बदललेलं नव्हतं. त्यांचं लायसन्स अठरा दिवसांत आलं.

माझं 27 नोव्हेंबरला आलं. उघडलं तर वैधता 31 डिसेंबर 2024 पर्यंत. लायसन्स कॅलेंडर वर्षाचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. तीन महिने वाट बघून हातात 35 दिवस आले. त्यामुळे माझं ऐकाल तर अर्ज जानेवारीतच करा. नूतनीकरण मात्र सोपं गेलं. कागद आधीच तपासलेले असल्याने जानेवारीत पाच दिवसांत झालं.

वैद्यकीय प्रमाणपत्राबद्दल एक सांगते. ते नुसतं सही-शिक्क्यापुरतं घेऊ नका. आमच्या डॉक्टरांनी आग्रहाने ईसीजी काढायला लावला, सगळं मिळून 650 रुपये झाले. अप्पांचा रक्तदाब तेव्हाच पहिल्यांदा वाढलेला सापडला. गोळी सुरू झाली आणि सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी होकार दिल्यावरच ते जोराच्या सरावाला आले. रेस नसती तर ते डॉक्टरकडे गेलेच नसते.

आमची पहिली रोड रेस 17 नोव्हेंबरला होती. मध्येच विधानसभेची निवडणूक लागली, मतदान 20 नोव्हेंबरला. पोलीस बंदोबस्त मिळणार नाही म्हणून आयोजकांनी 22 ऑक्टोबरला निरोप धाडला की रेस 15 डिसेंबरला. मला एका अर्थी बरंच झालं, कारण माझी निवडणूक ड्युटी लागली होती. 19 तारखेला सकाळी साहित्य घेऊन केंद्रावर, 20 ला मतदान, साहित्य जमा करून घरी यायला मध्यरात्र उलटून गेलेली. पुढचे तीन दिवस सायकलला हात लागला नाही. पण ठरवलेला सराव एका महिन्याने लांबवणं कठीण जातं. अंगातला जोर ज्या आठवड्यासाठी जमवलेला असतो, तो आठवडा तसाच निघून जातो.

8 डिसेंबरला जिल्ह्याची निवड चाचणी झाली, महिलांना 20 किलोमीटर वैयक्तिक टाइम ट्रायल. एकटीने, घड्याळाविरुद्ध. मी पहिले पाच किलोमीटर फार जोरात गेले आणि उरलेले पंधरा ओढत काढले. निवड झाली नाही. वहिनींची थोडक्यात हुकली.

मग 15 डिसेंबर. आदल्या दिवशी दुपारी पिकअपमध्ये सहा सायकली जुन्या गोधड्यांत गुंडाळून, चाकं काढून, आडव्या बांधल्या. सायकल आडवी ठेवताना चेनची बाजू वर ठेवा, नाहीतर डिरेल्युअरवर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) सगळा भार येतो. पिकअपचे 6,500 रुपये सहा जणांत वाटले, लॉजचे माणशी 700, रेसची फी 1,200. मी नोकरीत असल्याने मुख्यालय सोडायची परवानगी लेखी घेतली होती. शनिवार-रविवार असला तरी घ्यावी, मन शांत राहतं.

संध्याकाळी बिब (जर्सीवर लावायचा क्रमांक) आणि चिप (वेळ नोंदवणारी) घ्यायला गेलो तेव्हा एक गोष्ट कळली. सांघिक क्रमवारीसाठी सगळ्यांच्या फॉर्मवर टीमचं नाव तंतोतंत एकच हवं. आमच्या सहा फॉर्मांवर इंग्रजीत तीन वेगवेगळी स्पेलिंगं होती. कॉम्प्युटरच्या दृष्टीने आम्ही तीन टीम होतो आणि दुरुस्तीची मुदत संपलेली होती. सहा महिने एका जर्सीसाठी पैसे साठवले होते, 1,150 रुपयांची एक अशा सहा शिवून घेतल्या होत्या. धाकट्याचे डोळे भरून आले. सर त्याला बाहेर घेऊन गेले आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिले. पुढच्या रेसपासून सगळ्यांचे फॉर्म एकाच माणसाने, म्हणजे वहिनींनी, भरले.

स्टार्टच्या जागी बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. आम्ही दोघी पहाटे साडेपाचला उठून जवळच्या पेट्रोल पंपावर जाऊन आलो. नव्याने येणाऱ्या बाईने हे आदल्या संध्याकाळीच हेरून ठेवावं. आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं: पॅड असलेल्या सायकलिंग शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. शिवण घासून जखमा होतात. पहिले तीन महिने मी त्या जखमा सायकलिंगचा भागच समजत होते.

महिलांची रेस 54 किलोमीटर, आम्ही पंधरा जणी. ठरलं होतं असं की वहिनी माझ्यापेक्षा जोरदार आहेत, तर मी त्यांच्यासाठी काम करायचं. पहिले दहा किलोमीटर माझ्या छातीत नुसती धडधड होती. घोळक्याचा आवाजच वेगळा असतो; चेनची घरघर, गिअर पडल्याचे खटके, आणि कुणीतरी सतत ओरडत असतं, "ब्रेकर!", "खड्डा उजवीकडे!" गळीत हंगाम सुरू होता. रस्ता आमच्यापुरता थांबवलेला असला तरी रात्रभर उसाच्या ट्रॉल्या गेलेल्या, जागोजागी उसाची कांडकी आणि वाळलेला चिखल. एका वळणावर कांडक्यावरून माझं मागचं चाक सरकलं आणि सावरलं. त्यानंतर भीती उलट कमी झाली.

31 व्या किलोमीटरला रस्ता उघड्या माळावर आला आणि वारं बाजूने लागलं. पुढच्या चौघी ज्या तऱ्हेने सरकून बसल्या त्यावरून माझ्या लक्षात आलं की आता इथेच घोळका फाटणार. चाळकेवाडी आठवली. वहिनी जरा मागे अडकल्या होत्या आणि मध्ये वीस-पंचवीस मीटरची फट पडायला लागली होती. मी बाहेर आले, वहिनींना हाक मारली, "माझ्या उजवीकडे!", आणि होतं-नव्हतं ते सगळं लावून ती फट भरून काढली. दोन-अडीच मिनिटं असतील. फट मिटली, वहिनी पुढच्या गटाला चिकटल्या. मी बाजूला झाले तेव्हा माझे पाय संपले होते. गट माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेला.

उरलेले 23 किलोमीटर मी जवळपास एकटीने काढले. वारं तेच, आडोसा नाही. सगळ्यात मागे चालणारी गाडी दोनदा शेजारी आली, ड्रायव्हरकाका आपुलकीने म्हणाले, "ताई, बसा आता गाडीत, सायकल वर टाकतो." नाही म्हटलं. खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की होती ती खाल्ली, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी संपवलं. एका वस्तीवर अंगणात भांडी घासणाऱ्या आजी हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या आणि नुसतं बघत राहिल्या. 1 तास 51 मिनिटांनी मी पोहोचले, तेरावी. पहिली आलेली मुलगी माझ्याआधी जवळपास वीस मिनिटं पोहोचली होती. वहिनी सहाव्या आल्या होत्या आणि लाइनपाशी सायकल आडवी टाकून माझी वाट बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, बाटली पुढे केली. पोटात एवढा आनंद मला याआधी फक्त शाळेतलं एखादं मूल वाचायला लागतं तेव्हा झाला आहे.

एमटीबी रेस 19 जानेवारी 2025 ला होती आणि तिथे सगळं नव्याने शिकायला लागलं. क्रॉस-कंट्री ऑलिंपिक हा प्रकार: 4.2 किलोमीटरची फेरी, महिलांना चार फेऱ्या. घोळका नाही, आडोसा नाही. स्टार्टला शंभर मीटरमध्ये वाट अरुंद होते, तिथे तुम्ही ज्या क्रमांकावर घुसता त्याच क्रमांकावर पुढची दहा मिनिटं अडकता. एमटीबी आमच्यात तीनच, त्यातली मी वापरली ती भावाची 29 इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढेच सस्पेन्शन असलेली. डिसेंबरअखेर ट्यूबलेस करून सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरून घेतलं, कारण आपल्या माळांवर सराटे आणि बाभळीचे काटे पावलोपावली. सरावाच्या एका रविवारी टायरमधून सात काटे उपसले, हवा गेली नव्हती. हवा 22 पीएसआय ठेवली. रोडच्या सवयीने मी आधी 40 भरत होते आणि मुरमावर चाक नाचत होतं.

आदल्या दिवशी ट्रॅक पायी फिरून बघा. सायकलवर बसून बघितलं की अवघड जागा भरकन निघून जातात. पायी बघताना उतारावरच्या दगडात नेमकी कुठून वाट आहे ते दिसतं. आम्ही दोनदा चाललो. एक कातळाचा टप्पा होता, कमरेएवढा, त्यावरून उतरायचं. सीट खाली, अंग मागे, कोपरं सैल, पुढचा ब्रेक सोडलेला. शेजारून वळसा घालून जाणारी सोपी वाटही आखलेली होती, साधारण दहा सेकंद जास्त घेणारी. मी पहिल्या दोन फेऱ्यांत सोपी वाट घेतली.

धाकट्याच्या रेसमध्ये दुसऱ्याच फेरीत एका दगडाने त्याच्या डिरेल्युअरचा हँगर मोडला. हा मऊ अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा फ्रेम वाचवण्यासाठी मुद्दाम मोडण्याजोगा केलेला असतो, आणि प्रत्येक सायकलला तो वेगळा लागतो. जादाचा हँगर आम्ही 450 रुपये देऊन आणलेला होता. पण तो पिकअपमधल्या पिशवीत होता, टेक्निकल झोनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी आखून दिलेल्या जागेत, नव्हता. झोनच्या बाहेर रेसमध्ये नसलेल्या कुणाचीही मदत घेता येत नाही. पोरगा सायकल खांद्यावर घेऊन सव्वा किलोमीटर झोनपर्यंत पळत आला. अप्पा तोवर पिकअपकडे पळाले, पिशवी घेऊन आले, हँगर बसवला. अकरा मिनिटं गेली. तो परत बसला आणि रेस पूर्ण केली.

माझ्या रेसमध्ये आघाडीवरच्या मुलीने पहिली फेरी 17 मिनिटांत मारली, मला 21 लागली. इथे एक नियम माहीत असायला हवा. आघाडीच्या खेळाडूच्या पहिल्या फेरीच्या वेळेपैकी 80 टक्के वेळ तुम्ही मागे पडलात की तुम्हाला थांबवतात, कारण पुढच्यांनी तुम्हाला गाठलं तर अरुंद वाटेवर दोघींनाही धोका. म्हणजे माझ्यासाठी सीमा होती साडेतेरा मिनिटांच्या आसपास. दुसऱ्या फेरीअखेर मी नऊ मिनिटं मागे होते. तिसऱ्या फेरीत ठरवलं, कातळावरूनच उतरायचं. उतरले. नीट उतरले. त्या आनंदात पुढच्या साध्या वळणावर मुरमात घसरून पडले, डावं कोपर आणि गुडघा सोलून निघाला, हँडल तिरकं झालं. ते दोन पायांत चाक धरून सरळ केलं आणि निघाले, पण फेरी संपताना पंचांनी शिट्टी वाजवून बाजूला घेतलं. तिसरी फेरी, शेवट.

मी तिथे बसून रडले. दुखत होतं म्हणून नाही, अजून एक फेरी पायांत होती म्हणून. पंच असलेल्या बाईंनी जखमेवर पाणी ओतलं आणि सांगितलं की थांबवलेल्यांचं नाव निकालात येतं, 'एक फेरी मागे' असं. मला वाटलं होतं, रेस सोडल्याचं लिहितील. निकालपत्रात नऊ जणींत सातवी, नावापुढे तो शेरा. त्या कागदाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे.

2 फेब्रुवारीची दुसरी रोड रेस लहान होती, 40 किलोमीटर. तिथे मी शेवटपर्यंत घोळक्यात राहिले, दहावी आले. टीमचं नाव सहाही फॉर्मांवर सारखं होतं, सांघिक क्रमवारीत आम्ही पाचवे. धाकटा त्या रात्री जर्सी न काढताच झोपला.

खर्चाचं विचारतात म्हणून: सायकल आणि लायसन्सची फी सोडून हंगामभरात माझे सुमारे साडेबावीस हजार गेले. त्यात हेल्मेट 2,400, बूट आणि पेडल 5,200, टायर 3,000, तीन रेसच्या फी 3,000, बाकी प्रवास, लॉज, कपडे, दवाखाना, नोटरी. रोडची सायकल जुनी घेतली, 42,000 ला, पुण्याहून. बूट-पेडल पहिल्या वर्षी नसले तरी चालतात. हेल्मेट आणि टायर यांत काटकसर करू नका.

या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या दोन मुली आमच्यात येऊ लागल्या आहेत, एक तेरा वर्षांची, एक पंधराची. मागच्या रविवारी चाळकेवाडीला गेलो तर थोरली माझ्या मागच्या चाकाकडे टक लावून होती. तिला खांद्याकडे बघायला सांगितलं. दोघींच्या आयांना भेटून जन्मदाखले आणि आधार शेजारी शेजारी ठेवून तपासले. धाकटीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात वेलांटी चुकली आहे, त्या दुरुस्तीचा अर्ज सोमवारी देणार आहोत.